घरच्या ताटाशेजारी : प्रस्तावना

हजार रुपयांच्या आत मिळणारी, त्याच वर्षी किंवा फार तर मागल्या वर्षी बाटलीत भरलेली, थंड करून प्यावयाची आणि एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत संपवून टाकावयाची जी साधी वाईन, तिचा विचार स्वतंत्रपणे, तिच्याच गुणांच्या कसोटीवर आणि आपल्या घरच्या जेवणाच्या अनुषंगाने व्हावा, या एका हेतूने प्रस्तुत पुस्तक सिद्ध केले आहे. वाईनवरील लेखनाची जी परंपरा युरोपात निर्माण झाली आणि तेथून जगभर पसरली, तिची दृष्टी प्रायः बोर्दो आणि बर्गंडी येथील थोर वाईनवर खिळलेली असल्यामुळे, वीस-तीस वर्षे तळघरात मुरणारी आणि पुढे लिलावात विकली जाणारी वाईन हीच वाईनची पूर्णावस्था, आणि बाकीच्या सर्व वाईन त्या पूर्णावस्थेच्या वाटेवर कोठेतरी अडून राहिलेल्या, असा समज वाचकवर्गात दृढ झाला. हा समज मला मुळातच अमान्य आहे. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल या देशांतील शेतकऱ्यांनी, कारागिरांनी आणि कारकुनांनी पिढ्यान्‌पिढ्या दुपारच्या जेवणाबरोबर जी वाईन प्यायली, ती मुरवण्यासाठी केलेलीच नव्हती. पोर्तुगालच्या वायव्येस मिन्यो प्रांतात होणारी व्हिन्यो व्हेर्दे ही आंबटसर, हलकी, जिभेवर किंचित चुरचुरणारी वाईन जितकी ताजी तितकी चांगली मानली जाते, आणि तिला वीस वर्षे ठेवणे म्हणजे तिचा नाश करणे होय. तारुण्यातच जिची सार्थकता आहे अशा वाईनचे हे कुल निराळे आहे. उन्हाळ्यात, घरी, चारचौघांच्या गप्पांत आणि रोजच्या ताटाशेजारी जिला स्थान द्यावे अशी वाईन याच कुलातली, आणि सुदैवाने महाराष्ट्राच्या भूमीत जी वाईन सर्वांत चांगली होते तीही याच कुलातली, हे माझे प्रतिपाद्य आहे.

परंतु या विषयाला हात घालण्यापूर्वी एका गोष्टीचा उलगडा करणे मला कर्तव्य वाटते. मराठी मनात मद्याचे जे चित्र आहे ते गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकराचे आहे, आणि ते चित्र खोटे नाही. महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी दारूच्या दुकानांना विरोध केला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचा व्यापार मक्तेदारांच्या हाती आणि त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीत नेऊन सोडले. 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घेणे भाग पाडले, आणि तो परवाना आजही कायद्याच्या दफ्तरात जिवंत आहे. आपल्या गावातले दुकान बंद व्हावे म्हणून ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानाला रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांनी जे भोगले आहे, त्याची जाणीव ठेवल्यावाचून या प्रांतात मद्याविषयी कोणी लेखणी उचलू नये असे मला मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या आरंभी निःसंदिग्धपणे सांगितले की मद्यार्काचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा जो पीत नाही त्याने या पुस्तकामुळे प्यावे, अशी माझी इच्छा नाही. आणि जो कायद्याने ठरवलेले वय ओलांडून, प्रकृती सांभाळून, जेवणाबरोबर एखादा पेला घेतो, त्याने काय प्यावे आणि कसे प्यावे हे ठरवताना त्याला साह्य व्हावे, एवढीच या लेखनाची मर्यादा आहे. 12 टक्के मद्यार्काच्या 750 मिलिलिटरच्या बाटलीत 90 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे 150 मिलिलिटरच्या एका पेल्यात 18 मिलिलिटर. हा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे चार माणसांच्या जेवणाला एक बाटली पुरेशी आहे, दोघांना ती फार आहे, हे आपोआप कळते.

दुसऱ्या बाजूने पाहता, द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाशी आपला परिचय नवा आहे असेही कोणी समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाच्या कर्तव्यांचे वर्णन करताना द्राक्षरसापासून केलेल्या पेयास ‘मधु’ ही संज्ञा दिली असून त्याचे कापिशायन आणि हारहूरक असे दोन प्रकार देशपरत्वे सांगितले आहेत. म्हणजे वाईन ज्या प्रदेशातली असेल त्या प्रदेशाच्या नावाने ती ओळखावी, हा आज युरोपने कायद्यात गोवलेला दंडक आपल्याकडच्या राजनीतिग्रंथातही आढळतो. ज्या घरात मद्याचे नाव काढणे निषिद्ध होते त्या घरांतही द्राक्षासवाची बाटली फडताळात असे, आणि द्राक्षे, साखर व धायटीची फुले यांच्या आंबवणीतून त्यात आपोआप निर्माण झालेला मद्यार्क दोन चमचे औषध म्हणून, तेवढ्याच पाण्यात मिसळून, जेवणानंतर घेतला जाई. मात्र आसव हे औषध आहे आणि वाईन हे औषध नाही. तिला औषधाचा मुलामा देऊन घरात आणण्याची जी चाल अलीकडे पडली आहे ती मला पसंत नाही. वाईन प्यावयाची ती तिच्या चवीसाठी.

आता नाशिककडे वळू. पृथ्वीच्या पाठीवर वाईनची द्राक्षे मुख्यत्वे तीस ते पन्नास अंश अक्षांशांच्या दोन पट्ट्यांत पिकतात. तेथे हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जातो, वसंतात फुटतो आणि शरदात फळ देतो. नाशिक वीस अंशांवर आहे. येथे वेलाला झोप नाही. छाटणी न केल्यास तो बारा महिने वाढतच राहील. म्हणून आपल्या बागायतदाराने वर्षातून दोनदा छाटणी करण्याची पद्धत स्वीकारली. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून नवी काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे धरतात. मग पाऊस उलटल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी होते आणि तिच्यातून पीक येते. पावसाळ्याच्या दमट हवेत द्राक्ष पिकू दिले तर करपा आणि भुरी यांच्या हाती ते जाणार, हे उघड असल्यामुळे निसर्गाचा क्रम उलटा करून फळ हिवाळ्यात वाढवण्याची ही योजना आहे. तिचे फळ केवळ रोगांपासून बचाव एवढेच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पारा ज्या प्रमाणात उतरतो ते वर्तमानपत्रे दरवर्षी छापतात. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडाका, अशी जी हवा तेव्हा असते, तीत मण्यात साखर दिवसा साठते आणि आम्लता रात्रीच्या गारव्याने टिकून राहते. उष्ण प्रदेशातल्या वाईनचा नेहमीचा दोष म्हणजे आंबटपणा उडून जाऊन उरलेला जड, गोडसर सपाटपणा. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचे नाशिक आपल्या हिवाळ्याच्या बळावर त्या दोषातून बरेचसे सुटते. फेब्रुवारी उजाडला की ऊन तापू लागते, आणि मग घड उतरवण्याची घाई होते. उत्तम बागांत ही तोडणी पहाटेच्या अंधारात होते, कारण गार मणी कारखान्यात पोहोचला तरच त्याचा सुगंध रसात उतरतो.

या वेळापत्रकातून एक विलक्षण सोय उत्पन्न झाली आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. फ्रान्समध्ये द्राक्षांची तोडणी सप्टेंबरात होते. तेथली ताजी पांढरी वाईन बाटलीत येईपर्यंत हिवाळा लागलेला असतो आणि ती पिण्याचा खरा मोसम यायला आणखी काही महिने जावे लागतात. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च या काळात आटोपते आणि लागलीच उन्हाळा सुरू होतो; पोलादी टाक्यांत आंबलेली, पिंपाचे तोंड न पाहिलेली पांढरी वाईन फारसा अवधी न लावता बाटलीत भरता येते. बाटलीवरचे वर्ष वाचून घेणारा ग्राहक उन्हाळा सरण्याच्या आत त्याच वर्षाच्या द्राक्षांची वाईन पिऊ शकतो, आणि ते न साधल्यास मागल्या वर्षाची तरी खात्रीने पिऊ शकतो. ज्या वाईनचा प्रधान गुण ताजेपणा आहे तिच्या बाबतीत ही गोष्ट किती मोलाची आहे हे सांगावयास नको. म्हणून बाटली हातात घेतल्यावर तिच्यावरचे चित्र, पदके आणि प्रशस्ती यांच्या आधी वर्ष पाहावे, आणि दोन वर्षांहून जुनी साधी पांढरी वाईन किंवा रोझे दुकानदाराने सवलतीत देऊ केली तरी ती परत करावी, हा या पुस्तकातला पहिला आणि सर्वांत कामाचा सल्ला आहे.

नाशिकच्या वाईनचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावी फसफसणारी वाईन करून ती परदेशी पाठवली. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या आणि 2000 साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. 2001 साली शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारीची सूट दिली, आणि विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभारले. पुढचे सर्व वाचकांच्या डोळ्यांसमोर घडले आहे.

यांपैकी शेनिन ब्लाँ या जातीविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण उन्हाळ्यात घरी पिण्याच्या वाईनचा विचार आपल्या प्रांतात तिच्यापासूनच सुरू होतो. ही मूळची फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातली. व्हुव्रे आणि आंजू या परगण्यांत हिच्यापासून अगदी ड्राय वाईनपासून मधासारख्या गोड वाईनपर्यंत सर्व तऱ्हा होतात, आणि त्या सर्वांना तोलून धरते ती हिची उपजत आम्लता. सतराव्या शतकात ही दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशात गेली, तेथे तिला ‘स्टीन’ हे नाव पडले आणि तिचे मूळ कुल लोक इतके विसरले की स्टीन म्हणजेच शेनिन ही ओळख 1960 च्या दशकात नव्याने पटवावी लागली. तेथे ती मुख्यत्वे ब्रँडी गाळण्याच्या उपयोगाची मानली जाई. उष्ण हवेत तिचा रस भराभर आंबून त्यातला सुगंध उडून जाई. 1950 च्या दशकात केपच्या वाईनकारांनी टाक्या थंड ठेवून, रस सावकाश आंबवण्याचे तंत्र अंगीकारले आणि त्याच उपेक्षित द्राक्षातून 1959 साली लीबरस्टाइन नावाची अर्धगोड, हलकी, स्वस्त वाईन बाजारात आणली. पाच वर्षांत, 1964 पर्यंत, तिचा खप वर्षाला 3 कोटी 10 लाख लिटरवर गेला आणि बाटलीबंद वाईनमध्ये ती जगात सर्वाधिक खपणारी ठरली. जाणकारांच्या लेखनात लीबरस्टाइनचा उल्लेख बहुधा उपेक्षेने येतो. माझ्या मते मात्र साध्या वाईनच्या इतिहासातले ते मोठे पर्व आहे. ज्या देशात ऊन कडक, द्राक्ष साधे आणि ग्राहक बेताच्या मिळकतीचा, त्या देशातही थंडाव्याची योग्य व्यवस्था केली तर घरोघर आवडीने प्यायली जाईल अशी स्वच्छ, सुगंधी वाईन करता येते, याचे ते प्रत्यक्ष प्रमाण होते. नाशिकमध्ये चार दशकांनी जे घडले त्याची वाट तेथे आखली गेली होती. आजची नाशिकची शेनिन थंड टाक्यांतच आंबते, तिच्यात बहुधा किंचित साखर शिल्लक ठेवलेली असते, आणि तिचा पेला नाकाशी नेला की पेरू, पिकलेला अननस आणि मोसंबीची साल यांचा भास होतो. सोव्हिन्यॉ ब्लाँ तिच्याहून अधिक तिखट स्वभावाची. हिरवी ढोबळी मिरची आणि नुकतेच कापलेले गवत यांचा जो वास तिला येतो तो काहींना प्रथम अपरिचित वाटतो, पण कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीच्या स्वयंपाकाशी तिचे सख्य लवकर जमते.

स्वस्ताईविषयी जी एक शंका पुष्कळांच्या मनात असते तिचे निरसन येथेच करतो. वाईनची किंमत कशाची असते? 225 लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात 300 बाटल्यांची वाईन मावते. ते पिंप फ्रान्सहून आणावे लागते आणि काही वर्षांत निकामी होते, त्याचा खर्च त्या बाटल्यांवर पडतो. वाईन दोन वर्षे कोठारात ठेवली तर तेवढे भांडवल अडकते. वेलावरचे निम्मे घड काढून टाकले तर उरलेल्यांचा दर चढतो. आणि या सर्वांवर नावलौकिकाचे मोल असते. यांतले पहिले तीन खर्च मुरणाऱ्या लाल वाईनला आवश्यक आहेत; ताज्या पांढऱ्या वाईनला ते बहुतांशी अनावश्यक, क्वचित अपायकारकही आहेत. चौथ्याविषयी 2008 साली प्रसिद्ध झालेली दोन संशोधने बोलकी आहेत. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच वाईन एकदा 10 डॉलरची म्हणून आणि एकदा 90 डॉलरची म्हणून प्यावयास दिली. महाग म्हणून दिलेली लोकांना अधिक आवडली, इतकेच काय, मेंदूतला सुखसंवेदनेचा भागही तेव्हा अधिक उद्दीपित झाल्याचे यंत्राने टिपले. रॉबिन गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंमत झाकून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक आस्वादांचा हिशेब मांडला, तेव्हा वाईनचे खास शिक्षण न घेतलेल्या लोकांना महाग वाईन किंचित कमीच आवडते असे दिसून आले. यावरून महाग वाईन ही लबाडी आहे असा निष्कर्ष मी काढीत नाही. तिच्यातली गुंतागुंत कळण्यास अभ्यास लागतो, आणि तो अभ्यास आनंददायक आहे. परंतु वैशाखातल्या संध्याकाळी गच्चीवर बसलेल्या माणसाला गुंतागुंत नको असते, त्याला स्वच्छ चव आणि गारवा हवा असतो, आणि त्या दोहोंसाठी अधिक पैसे मोजण्याची गरज नाही.

मात्र स्वस्त म्हणून वाटेल ते चालवून घ्यावे, असेही नाही. साध्या वाईनकडून ज्या अपेक्षा ठेवावयाच्या त्या कठोरपणेच ठेवाव्यात. पांढऱ्या वाईनचा रंग फिका आणि झळाळता असावा. तो गडद पिवळा, तपकिरीकडे झुकलेला असेल तर तिला हवा किंवा ऊन लागले आहे. वासात ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिरक्याचा अंश असता कामा नये. गोडी असली तर तिच्या मागोमाग आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवला पाहिजे. आणि एक घोट घेतल्यावर दुसरा घ्यावासा वाटला पाहिजे, ही कसोटी तर कोणत्याही तज्ज्ञाविना लावता येते. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असलेली बाटली कमअस्सल समजण्याचे कारण नाही. ताज्या वाईनला ते झाकणच अधिक हितकर आहे. आपल्याकडे खरी हानी होते ती दुकानात. रस्त्याकडेला काचेच्या कपाटात, दुपारचे ऊन थेट अंगावर घेत महिनोन्‌महिने उभी राहिलेली बाटली कोणत्याही कारखान्याची असो, ती मेलेली असते. ज्या दुकानात वाईन शीतकपाटात ठेवतात आणि जेथे तिचा उठाव बरा आहे, तेथूनच ती घ्यावी. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला, त्यावर मोठा विरोध झाला आणि तो अंमलात आला नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले, पण बाटली कोणत्या तपमानात ठेवली जावी याचा विचार कोणी केल्याचे मला आठवत नाही.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग जेवणाला दिला आहे आणि तो हेतुतः दिला आहे. परदेशी ग्रंथांत भारतीय जेवण हा एकच जिन्नस समजून त्याच्याबरोबर अमुक वाईन प्यावी असे एका ओळीत सांगून टाकतात. तांबडा रस्सा, अळूची वडी, कोळंबीची आमटी आणि दडपे पोहे यांना एकच वाईन कशी चालेल? प्रथम तिखटाचा विचार करू. मिरचीतला दाहक पदार्थ जिभेवरच्या उष्णतेच्या संवेदनेलाच चेतवतो, आणि मद्यार्कही तीच संवेदना चेतवतो. म्हणून 14-15 टक्के मद्यार्काची, तुरट लाल वाईन झणझणीत रश्श्याबरोबर घेतली की तोंडात आगीवर आग होते आणि दोन्ही चवी नष्ट होतात. सावजी किंवा कोल्हापुरी जेवणापुढे हवी ती कमी मद्यार्काची, किंचित गोड आणि चांगली गार वाईन. गोडी दाह शमवते, गारवा क्षणभर विसावा देतो. शेनिनची योग्यता येथे कळते. त्यातूनही जेवण अतिशय तिखट असेल तर वाईन बाजूला ठेवून ताक प्यावे, हे मी निःसंकोचपणे सांगेन.

दुसरा विचार आंबटाचा. उन्हाळ्यात आपल्या स्वयंपाकात कैरी, कोकम, चिंच आणि लिंबू यांचे राज्य असते, आणि आंबट पदार्थापुढे त्याच्याहून कमी आंबट वाईन बेचव, पातळ लागते. वाटलेल्या डाळीत कैरीचा कीस आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी घातलेली आंब्याची डाळ ही चैत्रातली मेजवानी. तिच्याबरोबर ड्राय सोव्हिन्यॉ ब्लाँ घेऊन पाहावी, दोघींचा आंबटपणा एकमेकींना भिडतो आणि डाळीतला कच्चा, हिरवा स्वाद वाईनमध्ये पुन्हा उमटतो. तळलेली सुरमई, रव्यात घोळवलेले बोंबील, तिसऱ्यांचे सुके यांनाही तीच योग्य. माशाबरोबर लाल वाईन घेतली असता तोंडात जी धातूसारखी चव येते, तिचे कारण त्या वाईनमधला लोहाचा अंश होय; तेव्हा कोकणी आणि मालवणी ताटापुढे लाल वाईन नको हा संकेत नुसत्या रूढीतून आलेला नाही. ओल्या नारळाच्या वाटणाला मात्र सोव्हिन्यॉपेक्षा शेनिनची किंचित भरीव गोडी अधिक मानवते. सोलकढी आणि वाईन एकाच वेळी ताटाशेजारी ठेवू नयेत. सोलकढी स्वतःच इतकी पूर्ण आहे की तिला सोबत लागत नाही.

रोझेकडे आपल्या लोकांनी उगाचच दुर्लक्ष केले आहे. काळ्या द्राक्षांच्या साली रसात काही तासच राहू देऊन मग काढून टाकल्या की गुलाबी छटा येते आणि तुरटपणा फारसा येत नाही. नाशिकमध्ये ती झिन्फांडेल, शिराझ अशा जातींपासून करतात. लाल वाईनचे फळ आणि पांढरीचा गारवा अशी दोन्ही सुखे तिच्यात असल्यामुळे, शेंगदाण्याच्या कुटाने आणि गोड्या मसाल्याने सजलेला आपला देशावरचा स्वयंपाक, म्हणजे भरली वांगी, मटकीची उसळ, थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, कोथिंबीर वडी, साबुदाण्याचा वडा, या सर्वांना तिच्याइतकी अनुकूल दुसरी वाईन मला सापडलेली नाही. घरी एकच बाटली आणावयाची असेल आणि ताटात काय असेल हे ठाऊक नसेल, तर रोझे आणावी. लाल वाईन उन्हाळ्यात वर्ज्य नाही. पण ती हलकी असावी, अकलूजकडे होणाऱ्या सांजोवेझेसारखी, आणि फ्रिजमध्ये ठेवून 15 अंशांच्या आसपास आणलेली असावी. लाल वाईन खोलीच्या तपमानात प्यावी, हा नियम युरोपातल्या दगडी घरांच्या थंड खोल्यांत जन्मला. मे महिन्यात विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या 38 अंशांच्या खोलीला तो लावणे म्हणजे वाईनचा काढा करून पिणे आहे. चुलीवर भाजलेल्या वांग्याचे खानदेशी भरीत आणि कळण्याची भाकरी यांच्या धुरकट चवीपुढे अशी गार केलेली हलकी लाल वाईन फार शोभते.

गार करण्याचा सोपा इलाज असा, की पातेल्यात अर्धा बर्फ, अर्धे पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस मिनिटांत ती पिण्याजोगी होते, नुसत्या बर्फात तेवढ्याने होत नाही, कारण पाणी काचेला सर्व बाजूंनी भिडते आणि मीठ त्याला शून्याच्याही खाली नेते. पांढरी आणि रोझे 8 ते 10 अंशांवर उत्तम. पेला तिसरा हिस्साच भरावा, म्हणजे उरलेली वाईन बाटलीत गार राहते. पेल्यात बर्फ घालणे हा अपराध समजला जातो. थोर वाईनच्या बाबतीत तो असेलही, परंतु साध्या रोझेत बर्फाचे दोन खडे टाकण्यास माझी पूर्ण संमती आहे, आणि स्पेनमध्ये तर लाल वाईन, लिंबाचा सोडा आणि बर्फ यांचे मिश्रण उन्हाळ्याचे पेय म्हणून राजरोस प्यायले जाते. मद्यार्क त्याने निम्म्यावर येतो, हा लाभ वेगळाच.

या पुस्तकातून परदेशी वाईन वगळल्या आहेत. त्यांच्यावरची आयात जकात दीर्घकाळ 150 टक्के राहिली. 2022 च्या डिसेंबरात अंमलात आलेल्या करारान्वये ऑस्ट्रेलियाच्या ठराविक किमतीवरील वाईनला सवलत मिळाली, पण जी बाटली मेलबर्नमध्ये मजुराच्या आवाक्यात आहे ती येथे येईपर्यंत चैनीची वस्तू होते. गोव्याची पोर्टही वगळली आहे, यद्यपि नाताळच्या दिवसांत तेथील घरी केकबरोबर तिचा छोटा पेला घेण्यात जो जिव्हाळा आहे तो मी जाणतो. ती दाट गोड वाईन उन्हाळ्याच्या जेवणाची नव्हे. उलट बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांतील काही पांढऱ्या वाईन घेतल्या आहेत, कारण त्या आपल्या दुकानांत त्याच दरात मिळतात आणि त्याच ताटाला चालतात.

शेवटचा प्रश्न आमरसाचा, आणि तो मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो. हापूसच्या रसापुढे ड्राय वाईन आंबट आणि पोकळ लागते. उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाईन नाशिकमध्ये होते, ती त्याच्यापुढे तग धरते, पण गोडावर गोड मे महिन्यात कोणास सोसवत नाही. म्हणून आमरस-पुरीच्या जेवणात वाईन आधी द्यावी, कुरडया-पापड, आंब्याची डाळ आणि अळूवडी यांच्याबरोबर, आणि रसाची वाटी ताटात आली की पेले उचलून ठेवावेत. बाटलीत उरलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली, तर दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाला ती तितकीच चांगली लागते.